अकरावी गाठ

हॉलमध्ये ओल्या बुटांचा वास, थर्मासमधली कॉफी,
आणि पडद्यावर एक निळी रेघ, उतरत गेलेली.
तोरुन बोलते, थांबते, माझ्याकडे बघते.
मी दुभाषी. तिचं वाक्य माझ्या तोंडात येतं
तेव्हा कडक असतं.
आई सीलचं कातडं दातांनी चावून मऊ करायची,
तसं ते चावते, मग पुढे देते.

सरासरी जाडी, हे सोपं गेलं.
दशकामागे इतके सेंटिमीटर, हेही कसंबसं.
अडले ते अनिश्चिततेपाशी.
रेघेच्या दोन्ही अंगांना तो फिकट पट्टा आहे ना,
तिथे आम्हाला खात्री नाही, म्हणते.
मी म्हटलं: इम्माका.
सगळा हॉल हसला.
इम्माका म्हणजे बहुतेक, म्हणजे बघू,
म्हणजे हेलिकॉप्टर आज येईल, नाहीतर पुढल्या मंगळवारी.
"आपण त्या पट्ट्यातच राहतो की," आविगियाक म्हणाला.
हे तिला सांगितलं. तिने वहीत उतरवून घेतलं.

मग तिने एका ठिपक्यावर बोट ठेवलं,
रेघेपासून बराच खाली, एकटा पडलेला.
हा अपवाद, म्हणाली. हा आम्ही बाजूला ठेवतो.
ते वाक्य मी भराभर उरकलं.

किलाक आजोबांनी हात वर केला.
"रेघ खरी असेल, पोरी.
पण हिच्यावरून स्लेज कुठून न्यायची, ते सांग."
हे सांगताना माझाच आवाज चढला,
आणि तेवढ्यात जनरेटर बसला.
पडदा काळा. खिडकीत एप्रिलचा उजेड, भरपूर,
रात्रीचे नऊ वाजले तरी.

तोरुन क्षणभर उभी राहिली,
भर परीक्षेत पेन संपावं तशी.
मग तिने दोरी मागितली.
आविगियाकने होडीतून आणून दिली, माशाच्या वासासकट.

वहीतली बावीस वर्षं, बावीस माणसं,
स्टोव्हपासून दारापर्यंत ओळ.
ज्या वर्षी बर्फ जेवढा जाड, तेवढ्या उंचीवर दोरी धरायची,
धरली तिथे गाठ मारायची.
पहिली चौघं छातीशी धरून, रुबाबात.
मग पोटाशी, मग कमरेशी.
दाराजवळची पोरं गुडघ्याला लावून खिदळत होती.
कुणी काही समजावत नव्हतं.
मला कामच उरलं नाही.

अकरावं वर्ष पानिन्नुआकच्या वाट्याला आलं.
कुणी ठरवलं नव्हतं; ती जिथे बसली होती तिथे ते आलं.
तोरुनने टेपने उंची दाखवली: इथे.
वाकून पुरेना.
पानिन्नुआक जमिनीवर बसली,
दोरी घोट्यापाशी नेली,
आणि गाठ मारली. दोनदा.

हॉल गप्प.
त्या वर्षी तिचा नुका, सात कुत्री,
आणि नवी स्लेज, जिचे हप्ते अजून फिटायचे होते.
इथे कुणाला सांगावं लागत नाही.

"काही प्रश्न आहे का?" तोरुनने हळूच विचारलं.
मी नाही म्हटलं.
सोळा वर्षं दुभाषीपण केलं,
पहिल्यांदाच एखादं उत्तर मी स्वतःच दिलं.
ती मात्र दोरीकडे बघत राहिली,
मग टेप खिशात टाकून
पानिन्नुआकशेजारी फरशीवर बसली.
अपवाद हा शब्द तिने पुन्हा काढला नाही,
निदान इथे तरी.

सकाळी किलाक आजोबा तिला बर्फावर घेऊन गेले.
ते पहारीने ठोकायचे, कान द्यायचे, मग पाऊल.
ती मागून, त्यांच्याच पावलात पाऊल टाकून.
मी किनाऱ्यावरून पाहिलं. भाषांतराला कुणी हाक मारली नाही.

दोरी आविगियाकने परत नेली.
गाठी सोडायला त्याला वेळ झालेला नाही,
इम्माका, सोडणारही नाही.
अंधारात होडी बांधताना तो हाताने मोजत जातो,
आठ, नऊ, दहा,
आणि पुढली गाठ लागली की
पकड आपोआप घट्ट होते.